किडनी माझी, विषाणूही माझाच

किडनी बदलली की माणूस सुटला, असं लोकांना वाटतं. माझ्या घरी पेढे वाटले, डेपोतल्या बायकांनी ओटी भरली, सगळे म्हणाले, आता नवा जन्म. मीही तेच धरून चालले होते. वर्षही झालं नव्हतं, तेवढ्यात रक्तात एक विषाणू उठला आणि त्यानं मला पुन्हा खाटेवर आणून टाकलं. त्या दिवसांत मला असं कुणी भेटावं वाटायचं की ज्यानं हे भोगलंय आणि जो खरं बोलतो. तसं बोलणारं एक माणूस मला मिळालं, तिच्याबद्दल पुढे सांगते. तुमच्याकडे तेवढंही कुणी नसेल तर हे वाचा. डॉक्टरकी मला येत नाही, ती सांगणार नाही. माझ्यावर काय गुजरलं एवढंच सांगते.

मी बस कंडक्टर. अकोल्याच्या डेपोला, बहुतेक दर्यापूर आणि अमरावतीच्या गाड्यांवर. रक्तदाबानं दोन्ही किडन्या गेल्या, डायलिसिस सुरू झालं, आणि शेवटी माझ्या धाकट्या बहिणीनं, वनितानं, तिची एक किडनी मला दिली. वनिता मोर्शीकडे संत्र्याच्या बागायतदारांकडे दिलेली. तिच्या सासरच्यांची मनं वळवायला तिला माझ्या आजारापेक्षा जास्त ताकद लागली असेल. तिनं ती लावली.

पोट बिघडलं म्हणून

सुरुवात पोटापासून झाली. शेजारच्या घरी बारसं होतं, तिथं दोन घास खाल्ले आणि दुसऱ्या दिवसापासून जुलाब. सगळ्यांनी बारशाच्या जेवणाला नावं ठेवली. पण तिथं जेवलेले बाकीचे ठणठणीत होते.

मग थकवा आला. कंडक्टरला थकवा सांगू नका, उभ्यानं आयुष्य गेलंय. हा थकवा निराळा होता. वेणी घालताना हात वर धरवेनात. अर्धी वेणी घालून मी खाटेवर बसले आणि उरलेली अर्धी घालायची हिंमत होईना. ताप अंगात होता, पण थर्मामीटर लावून पाहिला तर थोडासाच. तोंडात फोड आलेले.

माझे यजमान सुधाकर मोटर रिवायंडिंगचं दुकान चालवतात. बोलणं कमी. ते दुकानाला कुलूप लावून घरी आले अन् म्हणाले, "हे नुसतं पोट नाई संगीता. चाल अमरावतीले."

"आता कुठी? दोन दिवस पाहू नं."

"दोन दिवस कायले पाहाचं? थे किडनी काय दोन दिवस थांबणार हाय?"

मूर्तिजापूर मागे गेलं तरी मी गाडीत मान टेकून पडून होते. ज्या रस्त्यावर मी उभी राहून तिकिटं फाडली, त्या रस्त्यावर मला बसवतही नव्हतं, याचा मला विलक्षण राग आला. तो राग पुढे फार कामाला आला.

"जरा बाहेर या"

अमरावतीच्या दवाखान्यात रक्त घेतलं. पांढऱ्या पेशी खाली, प्लेटलेट खाली, किडनीचा आकडा जरासा वर. विषाणूची तपासणी बाहेर पाठवली. ती आली त्या दिवशी डॉक्टर खोलीत आले, माझ्याकडे पाहून हसले आणि सुधाकरांना म्हणाले, "जरा बाहेर या."

डायलिसिसच्या काळात हे मी खूपदा पाहिलं होतं. माझ्या शरीराबद्दलची बातमी कॉरिडॉरमध्ये नवऱ्याला कळायची, आणि माझ्यापर्यंत येईस्तोवर तिची साल काढलेली असायची. या वेळी मी उठून बसले.

"डॉक्टर, बिमार मी आहे. इथंच सांगा."

"तुम्ही घाबराल म्हणून..."

"घाबरीन तर घाबरीन. पण मला आधी कळलं पाहिजे. यांना नंतर."

डॉक्टर भले माणूस. त्यांनी खुर्ची ओढली, बसले आणि सांगितलं. विषाणूचं नाव सीएमव्ही. सर्दीखोकल्यासारखा तो बाहेरूनच येतो असं नाही. आपल्याकडे बहुतेक माणसांना तो लहानपणीच होऊन जातो आणि मग जन्मभर अंगात निजून राहतो. शरीराची पहारेदारी जागी असते तोवर काही करत नाही. पण परकी किडनी शरीरानं हाकलू नये म्हणून आम्हाला रोज गोळ्या असतात, आणि त्या गोळ्या नेमकी तीच पहारेदारी ढिली करतात. सुरुवातीचे महिने हा विषाणू उठू नये म्हणून वेगळी गोळी चालू होती. ती ठरल्याप्रमाणे बंद झाली आणि तो उठला.

"माझ्यातला उठला की किडनीबरोबर आला?" मी विचारलं.

"दोघींच्याही रक्तात जुन्या संसर्गाची खूण होती. कुणाचा उठला ते सांगता येत नाही. सांगून उपयोगही नाही, उपचार एकच."

मग त्यांनी खरी अडचण सांगितली. विषाणूला मारायला सलाइनमधून औषध द्यायचं, आणि किडनी सांभाळणारी एक गोळी काही काळ कमी करायची, म्हणजे माझं शरीर स्वतः लढेल. पण शरीर जागं झालं की ते किडनीवरही उलटू शकतं. जास्त दाबलं तर विषाणू माजतो, कमी दाबलं तर किडनी धोक्यात. मधल्या वाटेनं जायचं आणि सारखं रक्त तपासत राहायचं.

सुधाकरांनी माझा हात धरला.

"करा कमी," मी म्हणाले. "बसून तर नाही ना राहायचं."

दुपार

दवाखान्यातली सकाळ बरी असते. वजन करा, लघवी मोजा, रक्त द्या, सलाइन लावा. शिरा पार दडून बसलेल्या. एक सिस्टर हात गरम पाण्यात बुडवून ठेवायला लावायची आणि टिचक्या मारून शीर उठवायची. माझ्या हातावर टिचकी मारताना ती स्वतःशीच म्हणायची, "ये बाई, ये." शीर यायची. मला हसू यायचं.

भीती दुपारी यायची. जेवणं झालेली, राउंड झालेला, सगळं सुनसान. तेव्हा मी पोटावर, उजव्या बाजूला, जिथं नवी किडनी बसवली आहे तिथं हात ठेवून पडायचे. दुखतं का? जड लागतं का? पुन्हा त्या डायलिसिसच्या मशिनवर जायचं का? एकदा भीतीनं दात वाजायला लागले. थंडी भरली म्हणून सिस्टरनं घोंगडी आणली. मी घेतली पांघरून, काय सांगणार.

शेजारच्या खाटेवर शमीमआपा होत्या, अचलपूरच्या. त्यांचं प्रत्यारोपण बरंच जुनं, आत्ता दुसऱ्याच कारणानं भरती झालेल्या. बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. त्यांनी ते दात वाजणं ओळखलं.

"थंडी नहीं है वो," त्या म्हणाल्या. "मेरेकू भी यही वायरस हुआ था. दो बार."

"दोन वेळा?"

"हां. पयल्या वेळी मी इतकी रडली, इतकी रडली, की सिस्टर भी रोने लगी. दुसऱ्या वेळी रडलीच नाई. म्हटलं, रडून रिपोट बदलते का? सुई लगाव, गोळी दो, खाना दो. बस."

"अन् किडनी?"

आपांनी ओढणी सारखी केली आणि पोटावर थाप मारली. "चालू है. माझ्या दादल्यापेक्षा जास्त काम करते."

दोघी हसलो. टाके नसतानाही पोट दुखलं. त्या दुपारनंतर भीती यायचीच, पण मी तिला एकटी सापडले नाही.

कुणाचा रोग

घरी बातमी पोचली ती वेगळीच होऊन. सुधाकरांनी घाबऱ्याघाबऱ्या जेवढं सांगितलं त्यातून सासूबाईंनी एकच गोष्ट धरली. फोनवर त्यांचा आवाज असा की आपांनाही ऐकू जावा.

"मी तवाच म्हणत होती. त्या वनितीच्या आंगातच रोग होता. रोगट किडनी देली तिनं आपल्याले."

"आई, थे किडनी नसती तर आज मी मशिनवर असती. नाई तर फोटोत."

पण बोलणं तोवर पसरलं होतं. अकोल्याहून ते मोर्शीला गेलं. तिकडे त्याला आणखी पाय फुटले. वनिताच्या सासूबाईंना वाटलं, हा विषाणू आपल्या सुनेतही आहे, म्हणजे एक किडनी देऊन आता ही पोरगीही खाटेला खिळणार. वनिताचा फोन बंद. सकाळी बंद, संध्याकाळी बंद. जी बहीण रोज 'लघवी किती झाली' विचारायची, तिचा फोन बंद.

दोन दिवस मी वाट पाहिली. मग वनिताच्या नवऱ्याला फोन लावला आणि त्याला सांगितलं, स्पीकर चालू करा, घरातल्या सगळ्यांना बसवा. डॉक्टर राउंडला माझ्या खाटेशीच उभे होते. मी फोन त्यांच्यापुढे धरला.

"डॉक्टर, माझ्या बहिणीच्या सासरची मंडळी आहेत. तिला काय झालं ते यांना सांगा."

डॉक्टर आधी बावरले. मग नीट बोलले. "वनिताताईंना काहीही झालेलं नाही. त्यांच्या अंगात हा विषाणू लहानपणापासून झोपलेला आहे आणि तसाच झोपून राहील. तो तुमच्यातही असेल. माझ्यातही असेल."

पलीकडून वनिताच्या सासूबाईंचा आवाज आला, "तुमच्यातबी हाय?"

"हो, बहुतेक."

"मंग तुमी दवाखाना कसा काय चालवता?"

अख्ख्या वॉर्डात हसू फुटलं. डॉक्टरही हसले. पण मला पलीकडून वनिताचं हुंदका गिळणं ऐकू आलं होतं. मी ओरडले, "वनिता, फोन चालू कर तुहा!"

दोन दिवसांनी ती आली. मास्क लावून, दारातच उभी. हातात पिशवी. आत यायला तयार नाही.

"काहून उभी हायस थिथं? ये ना."

"ताई, थे माह्याच आंगातून आलं असन ना?"

"आलं असन. नाई तर माहंच असन. मंग?"

"मी तुले बरं कराले गेली अन्..."

मला कंडक्टरचा आवाज आहे, तो त्या दिवशी वापरला. "वने, शाळेत असताना तुह्या उवा माह्या डोक्यात आल्या होत्या का नाई?"

ती दचकली. "हो."

"तवा मायनं तुले घराबाहीर काढलं का?"

"नाई. दोघीचीबी डोकी धरून फणी फिरवली."

"मंग? तसंच हाय हे. फणी फिरवून राहिले डॉक्टर. तू बस इथं."

ती बसली, आणि मग मनसोक्त रडली. मीही. आपा त्यांच्या खाटेवरून म्हणाल्या, "रोलो, रोलो, बाद में खाना खालो." पिशवीत तिच्या बागेतली संत्री होती, घरूनच धुऊन पुसून आणलेली. डायलिसिसच्या दिवसांत मला संत्रं मना होतं, आणि बहीण मात्र संत्र्याच्या बागेत. आता डॉक्टरांनी मोकळीक दिली होती, फक्त आमच्यासमोर सोललेलं असावं. वनितानं हात धुऊन सोललं. तोंडातल्या फोडांना ते असं झोंबलं की डोळ्यांत पाणी आलं. तरी मी सगळं खाल्लं. तिच्यासमोर एक फोडसुद्धा उरवायची नव्हती.

काढा

औषधानं विषाणू उतरायला लागला, पण त्याच औषधानं पांढऱ्या पेशी आणखी पडल्या. त्या वाढवायला वेगळं इंजेक्शन. मग आकडे सावरले, घरी सोडलं, सलाइनच्या जागी गोळ्या आल्या. दर आठवड्याला रक्त द्यायचं, अकोल्यातच, आणि ते पुढं पाठवलं जायचं.

घरी सासूबाईंनी एक बाटली तयार ठेवली होती. त्यांचा भाचा सेमाडोहला पर्यटकांची जीप चालवतो, त्यानं कुठून तरी काढा आणला होता. जंगलातली औषधी. एकाची किडनी म्हणे यानं जागच्या जागी बरी झाली.

"सगळ्या गोळ्या बंद कर अन् हे घे. मयनाभर. पाह्य काय फरक पडते तर."

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं: कुठलाही पाला, मुळी, चूर्ण पोटात गेलं की आमच्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वरखाली होतं, आणि मग किडनी जायला वेळ लागत नाही. मी बाटली घेतली, त्यांच्यादेखत मोरीत ओतली आणि वरून पाणी टाकलं.

सासूबाई मटकन खाली बसल्या. "मी काय तुह्या वाईटावर हाव का व?"

त्यांचा चेहरा पाहून माझा आवाज खाली आला. "नाई आई. तुमी भेल्या हा. मीबी भेली हाव. पण भेवापायी वनितानं देलेली किडनी नाई घालवणार मी."

काही दिवस अबोला राहिला. मग एका सकाळी पाहते तर सासूबाई फाटकाशी खुर्ची टाकून बसलेल्या. जो येईल त्याला विचारत होत्या, "सर्दी हाय? नातवाले ताप? मंग इथूनच बोला." नणंदेच्या नवऱ्यालाही त्यांनी शिंकला म्हणून रस्त्यावरून परत पाठवलं. हे मला कुठल्याही काढ्यापेक्षा जास्त लागू पडलं.

पुन्हा वर

एका तपासणीत विषाणू सापडलाच नाही. आम्ही आनंदात पुरणपोळी केली. ठरलेला काळ गेल्यावर गोळ्या बंद झाल्या. त्यानंतरच्या तपासणीत तो पुन्हा दिसला. थोडासाच, पण दिसला.

त्या दिवशी मी हरले. समोरचं ताट तसंच ठेवलं. सुधाकर दुकानात न जाता माझ्या शेजारी बसून राहिले. मी म्हणाले, "कटाळा आला मले. आता काही तपासाचं नाई. जे होईन थे होईन."

ते म्हणाले, "ठीक हाय. तू नोको जाऊ. मी एकटाच जातो लॅबमधे. म्हणतो, बायको थकली, माहं रक्त घ्या."

मला राग आला, मग हसू आलं, मग मी चप्पल घातली.

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, एवढ्याशा आकड्याला लगेच औषध नको, तुमच्या शरीरालाही थोडं काम करू द्या, आपण नजर ठेवू. पुढच्या वेळी तो आणखी कमी. त्यापुढच्या वेळी नाही. त्यानंतरही नाही. कमी केलेली गोळी हळूहळू पुन्हा पूर्ववत केली. किडनी टिकली.

तो विषाणू गेलेला नाही, हे मला माहीत आहे. तो आतच आहे, निजलेला. पुन्हा उठेल, न उठेल. मी तपासणीला जातच राहणार. तुम्हाला बरं वाटत असलं तरी तपासणी चुकवू नका, कारण हा दुखण्याआधी रक्तात दिसतो. बातमी तुमची असेल तर ती तुमच्यासमोर सांगा म्हणून अडून बसा. आणि किडनी देणाऱ्या माणसाकडे बोट दाखवणाऱ्याला, मग तो कितीही वडीलधारा असो, तिथल्या तिथे थांबवा. त्या माणसानं एकदा पोट चिरून दिलंय. त्याला दुसऱ्यांदा चिरू नका.

स्टँडवर

नोकरी सोड, असं घरात बहुतेकांचं मत पडलं. दीर म्हणाले, "गर्दीतलं काम हाय वहिनी, घरी बसा आरामात." मी म्हणाले, घरी बसायला वनितानं किडनी दिली नाही. सुधाकरांनी मान डोलावली, तेवढं मला पुरलं.

गाडीवर जायला डॉक्टरांनी अजून मनाई केली आहे. डेपोच्या साहेबांना भेटले, कागद दाखवले. त्यांनी मला चौकशीच्या खिडकीत बसवलं. पुढे काच, तोंडाला मास्क, समोर माईक.

पहिल्या दिवशी दर्यापूरची गाडी लागत होती. मी माईकचं बटण दाबलं आणि मास्कमधून पुटपुटल्यासारखं काहीतरी बोलले. फलाटावरून एक म्हातारी काचेशी आली, डोक्यावर गठुडं, आणि हात हलवत म्हणाली, "बाई, काय बोलून राहिली तू? आयकू नाई येत. जिवंत माणसावानी बोल नं!"

मी खुर्ची पुढे ओढली, ताठ बसले, बटण दाबलं आणि दर्यापूरची गाडी अशी पुकारली की पलीकडच्या फलाटावर झोपलेला ड्रायव्हरही उठून बसला.